हायड्रिलाच्या प्रयोगात बुडबुडे येत नाहीत, आले तरी अंतराप्रमाणे बदलत नाहीत: काय काय तपासायचं

प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आल्या की दरवर्षी हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो. कुणी म्हणतं हायड्रिलाची, म्हणजे तळ्यात वाढणाऱ्या पाणवनस्पतीची, फांदी बीकरमध्ये टाकली, दिवा लावला, अर्धा तास झाला तरी एक बुडबुडा नाही. कुणाचे बुडबुडे येतात पण दिवा लांब नेला तरी तेवढेच येत राहतात. आणि तिसरा प्रकार, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे अंतर दुप्पट केलं की प्रकाश पाव होतो हे पुस्तकात वाचलेलं असतं, त्यामुळे बुडबुडेही बरोब्बर पाव व्हायला पाहिजेत अशी अपेक्षा असते, ते काही होत नाहीत, मग मुलं जर्नलमध्ये आकडे बसवून टाकतात. हे आकडे बसवणं मला मनापासून खटकतं, कारण जो आकडा चुकलाय असं वाटतं त्यातच बऱ्याचदा झाड काय करतंय ते दिसत असतं. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

मांडणी नेहमीचीच धरतोय. बीकर किंवा काचेची बरणी, त्यात पाणी, पाण्यात फांदी उलटी म्हणजे कापलेलं टोक वर, बाजूला दिवा, टेबलावर मोजपट्टी. वर फनेल आणि टेस्ट ट्यूब असेल तर उत्तम, नसली तरी मोजायला अडत नाही. प्रकाशसंश्लेषणात बनणारा ऑक्सिजन बुडबुड्यांतून बाहेर येतो, म्हणून कापलेल्या टोकातून मिनिटाला किती बुडबुडे सुटतात ते मोजायचं आणि त्यावरून प्रकाशसंश्लेषणाचा वेग बघायचा, एवढंच काम.

सगळ्यात आधी दिवा झाकून बघा

काहीही दुरुस्त करायला घेण्याआधी ही एक टेस्ट करा. बुडबुडे येत असतील तेव्हा दिवा आणि बीकरच्या मध्ये जाड पुठ्ठा धरा. थोड्याच वेळात बुडबुड्यांचा वेग पडायला लागला पाहिजे आणि नंतर ते थांबायला आले पाहिजेत, पुठ्ठा काढला की परत सुरू. असं होत असेल तर तुमची फांदी ठीक आहे, पुढचा भाग वाचा. होत नसेल, अंधारातही बुडबुडे तसेच टुकटुक येत असतील, तर तुम्ही जे मोजताय ते प्रकाशसंश्लेषण नाहीच, दुसराच कुठला तरी गॅस आहे, आणि मग अंतर १० सेमी असो की १० फूट, काही फरक पडणार नाही.

हा दुसरा गॅस येतो कुठून? नळाचं ताजं पाणी हे पहिलं कारण. पाईपात दाबाखाली असलेल्या पाण्यात हवा जास्त विरघळलेली असते, बीकरमध्ये ओतल्यावर ती हळूहळू बाहेर पडते आणि काचेला, पानांना बारीक बारीक मण्यांसारखी चिकटून बसते. पानांच्या कडेला, बीकरच्या भिंतीला सगळीकडे बारके बुडबुडे दिसले तर समजायचं की ही पाण्यातली हवा आहे. खरा बुडबुडा कापलेल्या टोकातून, एकाच जागेवरून, बऱ्यापैकी ठरावीक अंतराने येतो. पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवलं की हा त्रास जवळजवळ संपतो, शिवाय क्लोरीनही बराच उडून जातो.

दुसरं कारण उष्णता. जुन्या लॅबमध्ये अजून १०० वॅटचे पिवळे फिलामेंटचे बल्ब वापरतात, त्यांची बहुतेक वीज उष्णतेतच जाते. पाणी तापलं की त्यात विरघळलेला वायू मावेनासा होतो, २५ अंशाला लिटरभर पाण्यात साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहतो तर ३५ अंशाला ७ च्या आसपास, तो जास्तीचा वायू बुडबुडे होऊन सुटतो. त्यात गंमत अशी की दिवा जवळ आणला की पाणी जास्त तापतं, म्हणून "जवळ जास्त, लांब कमी" असा अगदी पुस्तकासारखा निकाल मिळतो आणि कुणाला शंकाही येत नाही. एलईडी वापरा, किंवा पिवळाच बल्ब असेल तर मध्ये पाण्याने भरलेली चपटी काचेची टाकी ठेवा, आणि कुठलाही दिवा असला तरी बीकरमध्ये थर्मामीटर ठेवून प्रत्येक रीडिंगला तापमान लिहाच.

तिसरं कारण स्वयंपाकघरातलं. फांदीला कार्बन डायऑक्साइड मिळावा म्हणून पाण्यात खायचा सोडा टाका असं सांगितलं की कुणीतरी बेकिंग पावडर टाकतं, कुणी इनो. या दोन्हीत सोड्याबरोबर आम्ल असतं, पाण्यात पडल्याबरोबर कार्बन डायऑक्साइड फसफसून बाहेर येतो. सुरुवातीला भरपूर बुडबुडे, नंतर काहीच नाही, असं झालं तर डबा बघा. पाहिजे तो फक्त खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, बाकी काही नाही.

बुडबुडे येतच नाहीत

इथे मी सगळ्यात आधी पाणी विचारतो. आरओचं, डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी वापरलं असेल तर फांदीला कार्बन डायऑक्साइडच मिळत नाही, दिवा कितीही लावा. "स्वच्छ पाणी घेतलं होतं सर" असं अगदी प्रामाणिकपणे सांगतात मुलं, आणि नेमकं तेच आड येतं. अर्धा लिटर पाण्याला सपाट अर्धा चहाचा चमचा सोडा टाका, म्हणजे साधारण अर्धा टक्का होतो, पुरेसं आहे. जास्त टाकून जास्त बुडबुडे येतील असं समजून चमचेच्या चमचे टाकू नका, पाणी खूप खारं झालं तर पेशींमधलंच पाणी बाहेर ओढलं जातं आणि फांदी मलूल पडते. हायड्रिलाला पाण्यातलं बायकार्बोनेट थेट वापरता येतं म्हणून ही युक्ती चालते, पाण्यातल्या सगळ्याच वनस्पतींना ते जमत नाही, मॉसला तर नाहीच.

मग फांदी. तळ्यातून किंवा अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातून आणलेली फांदी हिरवीगार, शेंड्याकडची, वाढता कोंब असलेली घ्यायची. खोडाभोवती गोल वेढ्यात पानं, कडेला बारीक दाते, हाताला किंचित खरखरीत लागलं तर हायड्रिला. दुकानदार कधी काबोंबा देतो, पंख्यासारखी बारीक फाटलेली पानं असतात तिची, घाबरायचं कारण नाही, ती चालते, उलट छान चालते. तपकिरी पडलेली, शेवाळं चढलेली, दोन दिवस पिशवीत अंधारात राहिलेली फांदी मात्र घेऊ नका. आदल्या दिवशी आणून सोड्याच्या पाण्यात उजेडात ठेवली तर दुसऱ्या दिवशी तीच फांदी वेगळी वागते.

कापणं. याकडे कुणी लक्ष देत नाही आणि निम्म्या तक्रारी इथेच असतात. हायड्रिलाच्या खोडात लांबच लांब हवेच्या पोकळ्या असतात, पानात तयार झालेला वायू त्या पोकळ्यांतून वर सरकतो आणि कापलेल्या टोकातून सुटतो. बोथट कात्रीने कापलं किंवा नखाने खुडलं की खोड चेपतं, पोकळ्यांची तोंडं बंद. नवीन ब्लेडने, पाण्याखाली धरून, किंचित तिरपं कापायचं, आणि त्यानंतर टोकाला हात लावायचा नाही. बुडबुडे मध्येच थांबले तर पाव सेंटीमीटर अजून कापा, बऱ्याचदा लगेच सुरू होतात. खोडाला दोऱ्याने घट्ट बांधून वजन लावत असाल तर त्याच गाठीने पोकळी बंद होत नाही ना तेही बघा, पेपरक्लिप शेंड्याकडे हलकेच अडकवणं बरं.

आणि वेळ द्या. अंधारातून उजेडात आणल्यावर पानातली एन्झाइम्स पूर्ण वेगाला यायला काही मिनिटं लागतात, शिवाय पोकळ्या भरून दाब तयार व्हायला हवा. मी दहा मिनिटं जाऊ देतो मगच पहिलं मोजमाप. थंडीत नाशिक-पुण्याकडे सकाळच्या बॅचला लॅबमधलं पाणी चांगलंच गार असतं, तेव्हा सगळंच मंद चालतं, पाणी कोमट म्हणजे २५ ते ३० अंशाच्या आत आणून घ्या.

एवढं सगळं करून नाही आले तर दिवा कमी पडतोय. ९ वॅटच्या एलईडीच्या खोक्यावर साधारण ८०० ते ९०० ल्युमेन (दिव्यातून एकूण बाहेर पडणारा प्रकाश) लिहिलेलं असतं, ढोबळ हिशोबाने २० सेमीवर त्याचे साडेतीन हजार लक्सच्या (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप) आसपास पडतात. दुपारचं थेट ऊन एक लाख लक्सच्या घरात असतं. म्हणजे आपल्या डोळ्यांना जो दिवा लख्ख वाटतो तो झाडाच्या हिशोबाने उन्हाच्या चार टक्केही नाही. डोळ्यांवर विसंबू नका, डोळे अंधाराला आणि उजेडाला इतके सहज जुळवून घेतात की त्यांना हा फरक कळतच नाही. २० वॅटच्या पुढचा बल्ब घ्या, निदान फांदी जिवंत आहे का बघायला बीकर सरळ खिडकीतल्या उन्हात पाच मिनिटं ठेवा. उन्हात बुडबुडे सुटले की फांदीवरचा संशय संपला.

दिवा हलवला तरी बुडबुडे तेवढेच

पुठ्ठ्याची टेस्ट पास झालीये, म्हणजे प्रकाश लागतोय हे नक्की, पण १० सेमीवर आणि १५ सेमीवर जवळपास सारखाच आकडा येतोय. इथे प्रयोग बिघडलेला नाही. एफ. एफ. ब्लॅकमन या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये जे मांडलं तेच तुमच्या टेबलावर घडतंय: प्रकाशसंश्लेषणाला प्रकाश, कार्बन डायऑक्साइड, तापमान अशा बऱ्याच गोष्टी एकदम लागतात, आणि वेग ठरतो त्यातली जी सगळ्यात तोकडी पडतेय तिच्यावर. लग्नाच्या पंगतीत वाढपी चार असले आणि भात संपला असला तर अजून दोन वाढपी आणून पंगत लवकर उठत नाही, तसं आहे हे. १० सेमीवर प्रकाश मुबलक आहे, अडतंय दुसऱ्याच गोष्टीवर, म्हणून प्रकाश थोडा कमी करूनही फरक दिसत नाही.

मग अडतंय कशावर ते शोधायचं, आणि ते पाच-दहा मिनिटांत शोधता येतं, पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दिवा जिथे आहे तिथेच ठेवून आणखी थोडं सोड्याचं पाणी घाला, वेग वाढला तर कार्बन डायऑक्साइड कमी पडत होता. नाही वाढला तर बीकर कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून चार-पाच अंश तापमान वाढवा, मात्र नुसत्या तापण्यानेही थोडे बुडबुडे सुटतात, म्हणून तापमान स्थिर होऊ द्या आणि मगच मोजा. तरीही नाही तर दुसरा दिवा शेजारी लावा, वेग वाढला तर प्रकाशच कमी होता. तिन्हीने काही होत नसेल तर त्या फांदीची मजल तेवढीच, हरितद्रव्य आणि एन्झाइम्स जेवढी आहेत तेवढंच काम होणार. हे तीन प्रयोग नीट करून लिहिलेल्या मुलाला ब्लॅकमनचा नियम पाठ करावा लागत नाही.

प्रकाश पाव केला तरी बुडबुडे पाव का होत नाहीत

आता मुख्य दुखणं. नियम असा आहे की प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, १० सेमीवर १०० धरले तर २० वर २५, ३० वर ११, ४० वर ६. नियम पक्का आहे, पण तो एका बिंदूतून निघणाऱ्या प्रकाशाचा आहे, आणि अंतर त्या बिंदूपासून पानापर्यंतचं आहे. आपण मोजतो काय? बल्बच्या काचेपासून बीकरच्या काचेपर्यंत!

हे जरा बारकाईने बघा. एलईडी बल्बच्या पांढऱ्या घुमटात प्रकाशाचा उगम दोन-तीन सेमी मागे असतो, तीन धरू. बीकरची त्रिज्या चार सेमी आणि फांदी मधोमध. म्हणजे तुम्ही ज्याला १० म्हणताय ते खरं १७ आहे, आणि ज्याला २० म्हणताय ते २७. १७ चा वर्ग २८९, २७ चा वर्ग ७२९, भागाकार अडीच. तुम्ही चौपट फरकाची वाट बघताय आणि फांदीला फरक मिळालाय अडीचपट! झाडाने काहीच चुकवलेलं नाही, मोजपट्टीचा शून्य चुकीच्या जागी आहे. शून्य घुमटाच्या आत, आणि दुसरं टोक फांदीवर, असं मोजायला लागलात की अर्ध्याहून जास्त तक्रारी मिटतात.

दुसरी गोष्ट दिव्याचा आकार. अंतर दिव्याच्या रुंदीच्या निदान पाचपट असेल तरच दिवा बिंदूसारखा वागतो असं धरायचं. बल्ब ६ सेमी रुंद असेल तर ३० सेमीच्या आत वर्गाचा नियम थोडा ढिला होतो. ट्यूबलाइट तर लांब पट्टी आहे, तिच्या जवळ अंतर दुप्पट केलं की प्रकाश पाव होत नाही, साधारण निम्मा होतो. मोठ्या पॅनेल लाइटच्या अगदी जवळ तर थोडं पुढेमागे केल्याने फारसा फरकच पडत नाही. टॉर्च आणि प्रोजेक्टरमध्ये आरसा किंवा भिंग प्रकाश एकत्र बांधून पाठवतं, त्यामुळे तिथेही टॉर्चच्या तोंडापासून मोजलेलं अंतर वर्गाच्या हिशोबात बसत नाही. मोबाइलच्या फ्लॅशने तर प्रयोग करूच नका, फार कमी पडतो.

तिसरी गोष्ट खोलीतला उजेड. वर ट्यूब चालू, खिडकी उघडी, बाजूला पांढरी भिंत. टेबलावर त्याचे दोन-अडीचशे लक्स सहज असतात. ९ वॅटचा दिवा ५० सेमीवर गेला की त्याचे स्वतःचे उरतात साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे फांदीला मिळणाऱ्या प्रकाशातला जवळपास तिसरा हिस्सा दिव्याचा नसतोच. दिवा अजून लांब नेला तरी तेवढा उजेड आहेच. खोलीत अंधार करा, बीकरच्या मागे काळा कागद लावा, स्टीलचं टेबल असेल तर खाली काळं कापड. गोल बीकर पाण्याने भरला की भिंगाचं काम करतो हेही लक्षात असू द्या, फांदी मधून मागच्या भिंतीकडे सरकली तरी तिच्यावरचा प्रकाश बदलतो, म्हणून एकदा बसवलेली फांदी आणि बीकर हलवायचा नाही, फक्त दिवा हलवायचा.

हे सगळं तपासायला अँड्रॉइड फोनवरचं लक्स मीटरचं फुकट अ‍ॅप पुरतं. सेन्सर बहुधा पुढच्या कॅमेऱ्याच्या आसपास असतो, तो फांदीच्या जागी, दिव्याकडे सरळ तोंड करून धरायचा, अर्थात बीकर बाजूला ठेवून. आकडा अगदी अचूक नसेल पण आपल्याला फक्त प्रमाण पाहिजे, २० वर किती आणि ४० वर किती. एक मात्र लक्षात ठेवा, लक्स हे माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने काढलेलं माप आहे, डोळ्याला हिरवट-पिवळा जास्त दिसतो, झाडाला लाल आणि निळा जास्त कामाचा. त्यामुळे एकाच दिव्याची दोन अंतरं लक्सने तुलना करा, पण पिवळा बल्ब आणि पांढरा एलईडी यांची लक्सवरून तुलना करू नका.

आता समजा हे सगळं नीट केलंय, लक्स मीटरही पाव दाखवतोय, तरी बुडबुडे पाव नाहीत. इथे खरी मजा सुरू होते, कारण आता जे दिसतंय ते झाडाचं आहे. पावपेक्षा जास्त उरले असतील, म्हणजे २० बुडबुड्यांचे ११-१२ वगैरे, तर जवळच्या अंतरावर प्रकाश जास्तीचा होता आणि दुसरंच काही अडत होतं, वर सांगितलं ते. पावपेक्षा कमी उरले असतील तर कारण उलट टोकाला आहे: श्वसन. झाड दिवसरात्र श्वसन करतं, बनलेल्या ऑक्सिजनमधला थोडा स्वतःच वापरतं. समजा २० सेमीवर २० बुडबुड्यांइतका ऑक्सिजन बनतो आणि २ बुडबुड्यांइतका श्वसनात जातो, दिसले १८. ४० सेमीवर बनतो ५ चा, जातात तेच २, दिसले ३. प्रकाश चौपट कमी, बुडबुडे सहापट कमी. शिवाय थोडा ऑक्सिजन पाण्यात विरघळून जातो तो वेगळाच. अजून लांब गेलात की बनणारा आणि वापरला जाणारा ऑक्सिजन सारखा होतो, त्याला कॉम्पेन्सेशन पॉइंट म्हणतात, तिथे बुडबुडा शून्य दिसतो पण प्रकाशसंश्लेषण शून्य नसतं. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि बुडबुडे नाहीत म्हणजे प्रकाशसंश्लेषण बंद असं उत्तर देऊन मार्क जातात.

म्हणून आलेख काढताना आडव्या अक्षावर अंतर घेऊ नका. अंतर घेतलं की एक घसरगुंडी मिळते आणि तिच्यावरून काहीच कळत नाही. एक भागिले अंतराचा वर्ग, किंवा सरळ लक्स, ते घ्या. मग डावीकडे जवळपास सरळ रेषा दिसेल, तिथे प्रकाश अडवतोय, उजवीकडे ती वाकून आडवी होईल, तिथे दुसरं काहीतरी. आणि रेषा शून्यातून जाणार नाही, थोडी उजवीकडून सुरू होईल, ते श्वसनामुळे. जबरदस्तीने शून्यातून ओढू नका.

अंतरं पण १०, २०, ३०, ४०, ५० अशी सारख्या टप्प्याची निवडतात सगळे, पट्टीवर ती छान दिसतात पण प्रकाशाच्या हिशोबाने शेवटचे तीन बिंदू डाव्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसतात. त्याऐवजी २०, २३, २८, ४० आणि ५७ सेमी घ्या. २० ला पूर्ण धरलं तर २३ ला पाऊण, २८ ला निम्मा, ४० ला पाव, ५७ ला आठवा हिस्सा. तेवढ्याच कष्टात आलेख भरलेला दिसतो.

प्रत्येक अंतरावर पाच मिनिटं थांबून मग मोजा, तीनदा मोजून सरासरी घ्या, आणि शेवटी दिवा परत पहिल्या अंतरावर आणून पुन्हा मोजा. हे शेवटचं रीडिंग बहुतेक जण घेत नाहीत. ते पहिल्याशी जुळलं तर मधल्या सगळ्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो, बरंच कमी आलं तर मधल्या वेळात सोडा संपला, फांदी थकली किंवा पाणी गार झालं, म्हणजे तुम्ही अंतराबरोबर वेळेचाही परिणाम मोजलाय.

बुडबुडे मोजण्यातही एक अडचण आहेच, सगळे सारख्या आकाराचे नसतात, आणि आत ऑक्सिजनबरोबर नायट्रोजनही असतो. जोरात येताना बुडबुडे बारीक आणि हळू येताना टपोरे, असं झालं तर नुसती संख्या फसवते. जमलं तर बारीक नळीत वायू गोळा करून त्याची लांबी मोजा, सिरिंजला जोडलेली पारदर्शक सलाइनची नळी चालते. जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्यात याच हायड्रिलावर काम केलं, बुडबुडे आपोआप नोंदवणारं यंत्र बनवलं, १९२४ मध्ये त्यांचं प्रकाशसंश्लेषणावरचं पुस्तक आलं. आपल्या तळ्यात वाढणारी ही साधी वनस्पती किती मोठ्या कामाची आहे हे मुलांना सांगायला मला फार आवडतं.

दिवा हलवायला जागाच नसेल, किंवा दिवा मोठा असल्याने वर्गाचा नियम बसतच नसेल, तर अंतर सोडूनच द्या. दिवा एका जागी ठेवा आणि मध्ये मच्छरदाणीच्या कापडाचे एक, दोन, तीन थर लावत जा, प्रत्येक वेळी लक्स मोजा. फांदीला प्रकाश कमी झालाय एवढंच कळतं, दिवा लांब गेला की कापड आडवं आलं याच्याशी तिला देणंघेणं नाही.

घरच्या कुंड्यांचं विचारतात त्यांच्यासाठी थोडक्यात: खिडकीला हे सूत्र लावू नका. खिडकी ही मोठी, पसरलेली उजेडाची जागा आहे, आणि उन्हाचा झोत पडत असेल तर सूर्य इतका लांब आहे की खोलीत दोन मीटर पुढे-मागे केल्याने त्याच्या अंतरात काहीच फरक पडत नाही. कुंडीच्या जागेवर डोळा नेऊन बघा, तिथून किती आभाळ दिसतं, त्यावर ठरतं. मेथीच्या, टोमॅटोच्या रोपांवर लहान एलईडी टांगला असेल आणि रोपं लांबट, फिकट, मान टाकलेली होत असतील तर दिवा खाली आणा, तिथे मात्र काही सेंटीमीटरनेही बराच फरक पडतो. पानं वरून पांढरट किंवा कडेला करपली तर वर घ्या.

हायड्रिला मिळतच नसेल तर पालक

शहरात बऱ्याच जणांना ऐनवेळी हायड्रिला मिळत नाही. मग पालकाची पानं घ्या, ताजी, जाड. पंचिंग मशीनने शिरा टाळून दहा चकत्या पाडा. ३०० मिली पाण्यात सोडा चहाच्या चमच्याचा आठवा भाग, वर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, फेस येऊ द्यायचा नाही. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये चकत्या आणि हे पाणी घ्या, हवा बाहेर ढकला, तोंड बोटाने बंद करून दट्ट्या मागे ओढून दहा सेकंद धरा, सोडा. पानातली हवा निघून तिथे पाणी शिरतं आणि चकत्या बुडतात. दोन-तीनदा ओढूनही तरंगत असतील तर लिक्विडचा अजून एक थेंब टाका. मग ग्लासमध्ये तळाशी बसलेल्या चकत्यांवर वरून दिवा लावायचा, आत ऑक्सिजन बनत जातो तशा त्या एकेक करून वर येतात. दहातल्या पाच वर यायला किती वेळ लागला ते प्रत्येक अंतराला लिहायचं. इथे वेळ जास्त म्हणजे वेग कमी, म्हणून आलेखात एक भागिले वेळ घ्या, आणि दर अंतराला नव्या चकत्या.

यातही पुठ्ठ्याची टेस्ट आहे. सगळ्या वर आल्यावर ग्लास पूर्ण अंधारात ठेवा, मधूनमधून हलकेच ढवळा, श्वसनात ऑक्सिजन वापरला गेला की चकत्या परत खाली जायला लागतात. दिवा न लावताच वर येत असतील तर सोड्याचा डबा तपासा, आणि अंधारात खाली जातच नसतील तर चकत्यांच्या खालच्या बाजूला बाहेरून बुडबुडे चिकटलेत का बघा, ग्लासला टिचकी मारली की ते सुटतात.